डोंगराचा मुरूम, खाडीचा गाळ

सपाट जमीन चांगली आणि डोंगर वाईट, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

माझ्या आईवडिलांना मराठवाड्यातल्या गावानं शिकवलं होतं. ऐंशीच्या सुमारास ते मुंबईत आले, तेव्हा घाटकोपरला खाडीलगत सपाट, काळी जमीन दिसली. गावातली काळी माती दुसऱ्यांची होती, ही कुणाचीच वाटली नाही. तिथंच झोपडी उभारली. एका पावसाळ्यात तिचे खांब गाळात खचले. मग पश्चिमेच्या डोंगरावर चढून त्यांनी मुरमात घर बांधलं. ते हललं नाही.

मी आठवीत असताना भूगोलाच्या सरांनी प्रदर्शनासाठी गावाहून माती आणायला सांगितलं. कोकणातल्या मुलांनी तांबडी आणली, देशावरच्यांनी काळी. मी दोन डबे नेले. एकात आमच्या डोंगराचा मुरूम, दुसऱ्यात खाडीचा गाळ. मागून एकजण म्हणाला, "काय गं, रस्ता बांधतेस काय?" सर म्हणाले, हे चालणार नाही, गावची आण. गावात आमची वीतभर जमीन नाही, हे मला भर वर्गात सांगावं लागलं. माझे डबे दाराबाहेर गेले.

आई पाया खणायच्या कामाला जायची. दुसऱ्या दिवशी ती कुदळीसकट शाळेत आली आणि तिनं सरांकडे तांब्याभर पाणी मागितलं. व्हरांड्यात चारही मातींचे ढीग केले, प्रत्येकात खळगा करून पाणी ओतलं. खणण्याआधी जागा पारखायची तिची हीच रीत. मुरमातलं पाणी झटकन खाली गेलं. तांबडीत ते हळूहळू मुरलं, काळी फुगून बसली, गाळावर पाणी तसंच राहिलं. मग तिनं प्रत्येक ढीग टाचेनं दाबला. मुरूम घट्ट बसला, गाळात टाच रुतली.

ती म्हणाली, "सर, काळी पीक देते, घर धरत नाही. अन् खाडीची नुसती रंगानं काळी. आम्ही रंग बघून फसलो. पोरांना तरी नीट सांगा."

सरांनी माझे डबे उचलून वर्गात आणले. मग त्यांनी ते टेबलाच्या मधोमध ठेवले आणि मुरमाच्या डब्यावरच्या चिठ्ठीवर काय लिहू, असं आईलाच विचारलं. 'घाटकोपरचा डोंगर' ही तिनं सांगितलेली अक्षरं तिला वाचता येत नव्हती. मी मोठ्यानं वाचली, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी.

तुम्ही शिकवत असाल, तर मुलांना 'गावाहून' माती आणायला सांगू नका. राहतात तिथली आणायला सांगा. आणि त्या तासाला पाया खणणाऱ्या एका बाईला वर्गात बोलवा, खुर्ची द्या, बोलू द्या.