मॅनेज झालेली सोळा घरं

आमच्या कॉलेजात इंग्रजी फार कुणाला धड येत नाही, मला तर नाहीच. पण 'मॅनेज' हा शब्द शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांना येतो. हजेरी कमी पडली तर ती मॅनेज होते. गॅदरिंगचे पाहुणे आले नाहीत तर दुसरे पाहुणे मॅनेज होतात, भाषण तेच असतं. एखादा माणूस 'मॅनेज झाला' असं सांगताना मात्र सांगणाऱ्याचा आवाज जरा खाली येतो. पहिल्या वर्षी मी शब्दकोशात पाहिलं होतं. तिथे व्यवस्थापन, कारभार असं काहीतरी भारदस्त दिलं होतं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.

घरीही हा शब्द आहे. वडील लकडगंजात आरा मशीनवर काम करतात. फळी आखूड निघाली की ते "मॅनेज करू" म्हणतात आणि दोन तुकडे जोडून पाट करतात. त्या पाटावर माणूस बसतो. कॉलेजातल्या मॅनेजवर कुणी बसून दाखवावं.

तिसऱ्या वर्षी समाजशास्त्राच्या प्रकल्पासाठी पन्नास घरांचं सर्वेक्षण होतं. घरोघरी जाऊन फॉर्म भरायचा: माणसं किती, पाणी कुठून येतं, बाईचा दिवस कसा जातो. वीस गुण होते. मला एम.ए.ला जायचं होतं, त्यासाठी फर्स्ट क्लास हवा होता, आणि हे वीस गुण गेले तर तो हातचा जाणार होता.

मी शहराच्या कडेचं बेसा निवडलं. तीन रविवार फिरले. नव्या फ्लॅटच्या वॉचमननी आत सोडलं नाही, म्हणून जुन्या वस्तीत गेले. एका बाईनं कपडे पिळता पिळता विचारलं, "हे लिहून काय होते वं पोरी? नळाले पाणी येते का त्यानं?"

"माहीत नाही, मावशी."

तरी तिनं सगळं सांगितलं. वय तेवढं मुलाच्या वयाशी जुळत नव्हतं. मी तिनं सांगितलं तसंच लिहिलं. अशी चौतीस घरं झाली.

वर्गातल्या बाकीच्यांनी पन्नास घरं कॅन्टीनमध्ये एका बैठकीत उरकली. त्यांची पद्धत ठरलेली आहे. मागच्या वर्षीची फाइल आणायची, आडनावं बदलायची, तीन पेनं वापरायची आणि चार-दोन फॉर्मवर चहाचे डाग पाडायचे, म्हणजे फिरल्यासारखं वाटतं. माझी मैत्रीण चहात बोट बुडवून डागच देत होती.

"काहून उन्हात मरून राहिली वं?" ती म्हणाली. "बस इथं. अर्ध्या घंट्यात तुझं अख्खं बेसा वसवून देऊ."

मी प्रकल्प तपासणाऱ्या सरांकडे गेले.

"सर, चौतीस झाली. पण खरी आहेत."

"पन्नास पाहिजेत."

"सर, चौतीसवर जर..."

"बेटा, बाकीच्यांचे पन्नास कसे झाले?"

ते मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

"मॅनेज करून घे. परवा एक्स्टर्नल आहेत," असं म्हणून त्यांनी शिपायाला हाक मारली. बाहेरून येणाऱ्या त्या परीक्षकांचं जेवण मॅनेज झालं होतं. पनीर मटारचं की पालकाचं, एवढाच प्रश्न उरला होता. तो सरांनी बराच वेळ विचार करून सोडवला.

मी वाचनालयात बसून सोळा घरं भरली. सरांची किळस येत होती आणि अक्षर छान येत होतं. चहाचे डाग मी पाडले नाहीत, आणि तेवढ्यावर स्वतःला इतरांपेक्षा वेगळी समजत होते. एक विधवा बाई तयार केली. तिला दोन शेळ्या दिल्या, शिलाई मशीन दिली. तिचं वय मुलाच्या वयाशी अगदी बरोबर जुळवलं.

एक्स्टर्नल जेवून आले. त्यांनी माझी फाइल मधूनच कुठेतरी उघडली. पान त्याच बाईचं होतं.

"वा! चांगली केस आहे. भेटलीस हिला?"

सर खिडकीपाशी दात कोरत उभे होते. मला 'नाही' म्हणता आलं असतं. चौतीस जणींपैकी कुणाचंही पान काढून पुढे करता आलं असतं. एरवी या विभागात माझ्या तोंडून एक वाक्य सरळ निघत नाही.

"हो सर. दुपारी गेले होते. मशीनवर बसल्या होत्या," मी म्हणाले. कधी गेले, ती काय करत होती, हे त्यांनी विचारलंही नव्हतं.

मला अठरा गुण मिळाले, मैत्रिणीला सतरा. "तीन रविवार, अन् एक मार्क जास्त," ती हसत म्हणाली. "मस्त भाव लागला वं तुले."

फर्स्ट क्लास आला. एम.ए.ला प्रवेशही झाला. सरांचा तिरस्कार मी अजून करते, पण पूर्वीसारखा मोकळेपणानं करता येत नाही. चौतीस घरांवर किती गुण मिळाले असते, हे मला कधीच कळणार नाही. त्या दिवशी सरांनी माझं वाक्य मध्येच तोडलं, हे खरं आहे. पण ते पुरं करायला माझ्याकडे अजून दोन दिवस होते.