धोंड्याचं आवतण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि माझ्या पोटात काही राहत नाही, असं ती सगळ्यांना सांगत असते. तुम्हालाच का सांगतोय? कोण जाणे. तुम्ही आमच्या नात्यातले नाही, एवढंच पुरेसं असावं.

गोष्ट मागच्या अधिक महिन्यातली, तीन वर्षांपूर्वीची. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे. पण हे आवतण फोनवर देत नाहीत. माहेरच्या माणसानं घरी जाऊन, व्याह्यांसमोर कुंकू-अक्षता ठेवून द्यायचं असतं. माझी थोरली बहीण, अक्का, वालचंदनगरजवळच्या कळंबला दिलेली. आम्ही बारामतीत. आईनं अक्षतांची पुडी माझ्या खिशात घातली आणि सावकाश जा म्हणाली.

मोटरसायकल नवी होती. पाऊस उघडलेला, कालवा भरून चाललेला, दोन्ही अंगांना ऊस. शर्टात वारं शिरलं होतं. वालचंदनगरचा फाटा आला – आणि मी वळलोच नाही. सरळ इंदापूरकडे. का? अक्काशी भांडण नव्हतं. दाजी तर देवमाणूस. वाटलं एवढंच, की उजनीचं पाणी बघू, परतताना आवतण देऊ. उशीर तो कितीसा होणार?

पाणी बघितलं. मन भरेना. काठावरच्या हॉटेलात चिलापी तळत होते. धोंड्याचा महिना, घरात कांदासुद्धा बंद – आणि मी दोन प्लेटी मासे खाल्ले, बोटं चाटून. हात धुताना डोक्यात उजेड पडला. अक्काचे सासरे, तात्या, माळकरी. त्यांच्यासमोर या हातानं अक्षता ठेवायच्या? साबण लावला, लिंबू चोळलं, पुन्हा पुन्हा हुंगून बघितलं. वास खरंच होता की मलाच येत होता, ते अजून कळलेलं नाही.

पुडी कालव्यात सोडली आणि घरी आलो. आईनं विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, येतो म्हणालेत. असं कसं तोंडातून गेलं? उद्या खरंच जाऊन देऊन येऊ, असं मनात होतं. उद्याचा परवा झाला. दुकान सुटत नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. सुटलं असतं.

ठरल्या दिवशी आईनं पहाटेच पुरण शिजवलं. दुपार टळली तरी कुणी नाही. फोन कर म्हणालो – हो, मीच म्हणालो – तर म्हणाली, मान देऊन बोलावलं, आता पाया पडू काय? तिकडे कळंबला अक्का महिनाभर वाट बघत राहिली. आपलं आवतण आपणच कसं मागायचं? दोन्ही घरं आपापल्या जागी बरोबर होती. पंचमीला अक्का आली नाही, दिवाळीला आली नाही. मायलेकींचे फोन 'जेवलीस का, जेवले' एवढ्यावर आले.

पण मासे, पुडी, हे सगळं मी पुढं करतोय ते दुसरं काही लांबवायला. ते असं – त्या दिवाळीत अक्काचा मला फोन आला. "माझं काय चुकलं का रं? आईनं धोंड्याला का बोलावलं न्हाय?"

सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. आणि मी म्हणालो, "तुझं काय न्हाय अक्का. आईला आता ध्यानात राहत न्हाय."

आई! जिला गल्लीतल्या प्रत्येक पोराचा वाढदिवस पाठ आहे. अक्का फोनवर रडली. आईला यातलं बोलू नकोस, तिला वाईट वाटेल, हेही मीच बजावलं. इतकी अक्कल मला कुठून सुचली? भीती होती की नुसती सवय? खरंच कळत नाही.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला. आईनंच राग गिळला आणि मला पाठवलं. या वेळी फाट्यावर वळलो. तात्यांनी अक्षता कपाळाला लावल्या. मागचं काहीच विचारलं नाही.

दाजी आणि अक्का आले. पंगतीत मी दाजींच्या शेजारी. आई तूप वाढता वाढता म्हणाली, मागच्या बारीला आमचं काय चुकलं असंल तर पोटात घाला. दाजी खाली मान घालून म्हणाले, न्हाय मामी, तुमची काय चुकी.

अक्कानं आईच्या हातातलं तुपाचं भांडं घेतलं, तिला हाताला धरून पाटावर बसवलं. "आई, आता एकटीनं एवढं करत जाऊ नगं. तू इसरतीस."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"मी कधी काय इसरले रं?"

मी ताट पुढं केलं. अक्काला म्हणालो, अजून एक धोंडा वाढ. तिनं वाढला. मी खाल्ला.