एका एंटरवर सगळ्या मशीन

गणूकाका गेले, आणि सोसायटीच्या सगळ्या कॉम्प्युटरवरून त्यांचं नाव काढायचं काम माझ्याच वाट्याला आलं.

हर्णेच्या आमच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. मानसीचे बाबा.

मानसी माझी कोण, ते ही पोस्ट वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. काकांनाही होतं.

मी इंजिनिअरिंग मध्येच सोडलं, तेव्हा जेटीवर चारचौघांत म्हणाले होते, "अर्ध्यावर होडी सोडणाऱ्याला मी पोरगी देणार नाय."

डोकं फिरलं माझं. वाट्टेल ते बोललो. अजूनही वाटतं, थोडं बरोबरच बोललो.

मग गेल्या हंगामाची सुरुवात. समुद्रात जायला बोटींना जो पास लागतो, त्याचा नमुना बदलला. आणि ऑफिस, डिझेल पंप, बर्फाचा डेपो, जेटीचं काउंटर, सगळीकडे कॉम्प्युटरवर पास छापायची जुनीच फाइल. जुना पास चालणार नाही. बोटी बर्फ भरून तयार.

सॉफ्टवेअरवाला पुण्याहून म्हणाला, माणूस पाठवतो, आठवडा जाईल.

मी म्हटलं, "मी स्क्रिप्ट लिहितो, छोटासा प्रोग्राम. इथे बसूनच सगळ्या मशीनवरची फाइल बदलतो."

कमिटीतला एक जण हसला. "कॉलेज झेपलं नाय, चालला फायली बदलायला."

मी उठलोच होतो. काकांनी मनगट धरलं.

"तोंड नको, हात चालव. बिघडलं तर माझ्या नावावर."

स्क्रिप्ट तयार झाली. एंटर दाबणार, तोच काका ओरडले, "थांब मेल्या! नारळ?"

"काका, फाइल आहे ती."

"एक बोट पाण्यात सोडायला नारळ लागतो. ही तर सगळ्यांची आहे."

उंबऱ्यावर नारळ फुटला. एंटरच्या बटणाला कुंकू लागलं.

"आणि जुनी फाइल पुसू नको हां. नव्या जाळ्यात मासा येईपर्यंत जुनं कोण फाडत नाय."

कॉम्प्युटरना माशांची नावंही त्यांनीच दिलेली. स्क्रीनवर एकेक येत गेलं.

सुरमई, झालं.
पापलेट, झालं.
हलवा, झालं.
बोंबील, फेल.

"बोंबीलच निसटला!" काका पोट धरून हसले. बर्फाच्या डेपोत कुणीतरी मोबाइल चार्जिंगला लावायला त्याचा प्लग काढला होता. तो लावायला चेअरमन स्वतः स्कूटर घेऊन गेले.

दुपारच्या भरतीला सगळ्या बोटी बाहेर.

जेटीवर कोणीतरी विचारलं, "कोणी केलं हो हे?"

काका म्हणाले, "आमच्या घरचा आहे."

मानसी शेजारीच उभी होती.

काल कमिटीचा निरोप आला. पासवर चेअरमनचं नाव बदलायचं आहे.

आज सकाळी बसलो. आधी नारळ फोडला.

सुरमई. पापलेट. हलवा. या वेळी बोंबीलही निसटला नाही.

मानसीचा फोन आला. एवढंच विचारलं, "जुनी फाइल ठेवलीस ना?"

ठेवली आहे. प्रत्येक मशीनवर.

काका, हे काम अर्ध्यावर सोडलं नाही.

निघा आता. भरती आहे.