आधी वाक्य, मग गणित

मी जो काही आहे तो कमल काळोखे मॅडममुळे. त्यांच्यासमोर असं म्हटलं असतं तर त्यांनी लगेच विचारलं असतं, "कशावरून?" गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी श्रीगोंदा तालुक्यातल्या आमच्या साखर कारखान्यात बॉयलरजवळ होतो. आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून बाहेर आलो. "आई सकाळी गेली, झोपेतच..." एवढंच ती म्हणाली. मी आत जाऊन पाळी संपेपर्यंत काम करत राहिलो. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. पारनेर तालुक्यातल्या गावात बारावीपर्यंत मराठीतून शिकलो आणि नगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एकदम सगळं इंग्रजीतून आलं. मॅडम शिकवायच्या त्या यंत्रांच्या कंपनांच्या विषयात मी नापास झालो. सूत्रं पाठ होती, पण उत्तर उलटं आलं तरी मला कळायचं नाही. कॉलेज सोडायचं ठरवून त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे." त्या म्हणाल्या, "बादलीला येतं का इंग्रजी?" दुसऱ्या दिवशी त्या खरोखर बादली घेऊन वर्गात आल्या. सायकलच्या ट्यूबला टांगलेली, अर्धी पाण्यानं भरलेली. हात हळू वरखाली केला की बादली हाताबरोबर हलायची. भराभर केला की हात हलायचा आणि बादली जवळजवळ जागच्या जागी. पण मध्ये एक ताल असा आला की बादली उधळली आणि पहिला बाक भिजला. "हा बादलीचा स्वतःचा ताल," मॅडम म्हणाल्या. "माझा हात त्याला जाऊन मिळाला. हालचाल विझवणारं डॅम्पिंग कमी असलं की असंच होणार." मग त्यांनी आम्हाला त्यांचा नियम घालून दिला. कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी प्रत्येकानं मराठीत एक वाक्य लिहायचं... हलणं वाढेल की कमी होईल, आणि का. वाक्य नसेल तर बरोबर उत्तरालाही त्या गुण देत नसत. मुलं कुरकुर करायची. मी मात्र त्या नियमावर पास झालो.

नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी हंगामाच्या तोंडावर बॉयलरचा धूर ओढणारा मोठा पंखा त्रास देऊ लागला. पंखा लोखंडी प्लॅटफॉर्मवर बसवलेला, आणि तो प्लॅटफॉर्मच थरथरायचा. पंखा समतोल करून घेतला, तरी पात्यांवर राख बसली की थरथर परत सुरू. आमचे फोरमन ढवळेमामा म्हणाले, "वजन टाका, गप बसतंय." वाळूची पोती चढवली. थरथर वाढली. मामा म्हणाले, "कमी पडली. आणखी टाका." जड पायावर बसलेल्या यंत्रांना त्यांनी असंच शांत केलेलं होतं, त्यामुळे त्यांचंही चूक नव्हतं. मला वाटत होतं की पोती काढायला हवीत. तसं बोललो तर मामा हसले, "नावातच साहेब हाय यांच्या, आमी काय बोलणार." माझं नाव भाऊसाहेब. चीफ इंजिनिअर मात्र हसले नाहीत. "पोती काढली आणि पंखा निखळला तर हंगाम बंद. ऊस गेटवर उभा राहील. लिहून देशील?" मी हो म्हणालो आणि घाबरून मॅडमना फोन लावला.

"वाक्य लिहिलंस?"

"नाही मॅडम, आधी आकडे..."

"मग फोन ठेव."

पंखा बंद करून पोती उतरवली आणि प्लॅटफॉर्मला लाकडी हातोड्यानं एक ठोका दिला. प्लॅटफॉर्मवर ठेवलेल्या मोबाईलमधल्या कंपनं मोजणाऱ्या ॲपवर लाट उमटली. हेलकावे लहान लहान होत विरत गेले, पण इतके सावकाश की डॅम्पिंग फारच थोडं आहे हे दिसत होतं. सेकंदाला चौदा हेलकावे. पंखा फिरायचा सेकंदाला बारा वेळा. मग मी वाक्य लिहिलं: 'प्लॅटफॉर्मचा ताल पंख्याच्या थोडा वर आहे, वजन टाकलं की तो खाली उतरून पंख्याला गाठतो, म्हणून हलणं वाढतं.' आकडेही तेच म्हणाले. पोत्यांनी हलणं दुपटीहून जास्त झालं होतं. पोती न ठेवता खांबांना तिरके अँगल मारून ताठपणा दुप्पट केला तर हलणं पोती टाकण्याआधीच्या साधारण पाचव्या भागावर येणार होतं. मॅडमना फोनवर सगळं वाचून दाखवलं आणि म्हणालो, "तुम्ही एकदा तपासा ना." त्या म्हणाल्या, "नाही तपासणार. वाक्य तुझं आहे, पटतंय ना तुला? मग सही कर."

मी सही केली. अँगल वेल्ड झाले, पंखा सुरू झाला, वेग धरू लागला... चीफ साहेबांनी प्लॅटफॉर्मच्या कठड्यावर बोटं टेकवली. मग तळवा. मग त्यांनी मामांना बोलावून त्यांचाही हात तिथे ठेवायला लावला. मामा बराच वेळ हात ठेवून उभे होते. "व्हय," ते म्हणाले, "बसलं." आणि चहा त्यांनीच सांगितला.

मॅडमना फोन करता आला असता, पण मला बोलता आलं नसतं. म्हणून पत्र लिहिलं. पोस्टात टाकण्याआधी त्याचा फोटो काढला होता, म्हणून ते जसंच्या तसं देतो.

'आदरणीय मॅडम, सा. न. पंखा चालू आहे. हंगाम वेळेवर सुरू झाला. राख बसते, पण आता प्लॅटफॉर्म तिला दाद देत नाही. काल आई कारखाना बघायला आली होती. तिला हेल्मेट घालून वर नेलं आणि चालू पंख्याशेजारी उभं केलं. तिनं पायाखाली बघितलं, कठडा धरून बघितला आणि म्हणाली, "इथं तर काहीच हलंना. मग तू केलं काय?" मी म्हणालो, "आई, तेच केलं." आपला विद्यार्थी, भाऊसाहेब.'