पोल्ट्रीतला अल्बम

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही, चार माणसं घरात घ्या, उतू जातात! माझ्या तिकोणा पेठ गावातल्या रिकाम्या पोल्ट्रीत एक रॉक बँड दोन महिने राहिला. पहिला अल्बम त्यांनी तिथंच रेकॉर्ड केला, आणि मला जन्माचा साठा देऊन गेले.

बँडची म्होरकी रेवा. आधी पॉप गायची. तिचं 'ते' गाणं लागल्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरत नाही! पण ते पुन्हा गाणार नाही, अशी तिनं शपथच घेतलेली.

*

आल्या आल्या पोरांनी अंड्यांचे रिकामे ट्रे मागितले. भिंतींना ठोकले की आवाज घुमत नाही म्हणे. आमच्याकडं कामाला असलेली हौसाबाई चारी भिंती बघून म्हणाली, "कोंबड्या व्हत्या तवा बी एवढं ट्रे लागलं न्हाईत!"

*

गिटारवाल्या निखिलला मी तोंड गंभीर करून सांगितलं, "नवं वाद्य आदी भैरोबाम्होरं वाजवायचं. न्हाईतर सूर धरत न्हाई."

बिचारा इलेक्ट्रिक गिटार घेऊन पळाला! वायर नाही, स्पीकर नाही. डोळे मिटून अर्धा तास वाजवली. आवाज माशीएवढा.

गुरव म्हणाला, "देवाला पोचलं. आमाला कशाला ऐकू याया पायजे?"

*

एकदा ऐन रेकॉर्डिंगमध्ये माझा फोन वाजला. रिंगटोन, तिचंच 'ते' गाणं! (फोन हौसाबाईनं लावलेला, माझ्याच सांगण्यावरून.) पोरं लोळून हसली. रेवा नाही हसली.

"आबा, तो आवाज माझा नाहीच. निम्मा मशीननं सरळ केलेला. या वेळी जसा आहे तसाच ठेवणार. पण कुणी ऐकलंच नाही तर?"

"माज्या कोंबड्यांनी ऐकलं असतं की! जात्यात कुटं, शेडला कुलूप!"

मग हसली. रिंगटोन मात्र मी त्याच दिवशी बदलली.

*

शेवटच्या गाण्यात ती लांब हाक मारते, "कुणी आहे काऽऽ?" अख्खं गाणं एका दमात, कुठं जोड नको, हा तिचा हट्ट. सात वेळा चुकलं. आठव्यांदा जमलं, तिनं हाक मारली, आणि पलीकडं भातातलं गवत काढणारी हौसाबाई ओरडली, "हाय, हाय! आलेऽऽ!"

निखिलनं कपाळ धरलं. मी धावलो, "अगं, गानं हाय ते!"

"ठावं हाय मला. पर हाक रिकामी जाऊ द्यायची व्हय?"

आमच्या रानात तोच कायदा. वैऱ्यानं हाक दिली तरी ओ द्यायची, भांडण मागनं.

रेवानं ते तीनदा ऐकलं. म्हणाली, "हेच ठेवायचं."

*

पहिला कार्यक्रम लोणावळ्याच्या एका हॉलमध्ये. आम्हाला मागची रांग. हौसाबाईला मी बजावून नेलं, "हितं तोंड उघडायचं न्हाई."

लोक सारखे 'ते' गाणंच मागत होते. रेवानं ऐकून न ऐकल्यासारखं करून शेवटचं गाणं धरलं. हाक मारली आणि थांबली. हॉल गप्प.

परत मारली. कुणीच नाही. हौसाबाई माझ्याकडं बघतेय, मी मान हलवतोय.

तिसऱ्या हाकेला रेवाचा आवाज कातर झाला.

हौसाबाईनं पदर खोचला, माझा पाय तुडवत मधल्या वाटेत आली आणि स्टेजकडं चालायलाच लागली.

"हाय गं बाय! आले, आले!"