काशिनाथची तिसरी लेव्हल

आमच्या खेळाचे किस्से सांगायला बसलं की एक धड संपत नाही. एक सुरू करावा तर दुसरा मागे उभाच असतो, आणि सलीमभाई ओरडतात, "सर, तो कोंबड्याचा राहिला!" तर कोंबड्यापासूनच घेतो.

जव्हारला सलीमभाईंचं टेलरिंगचं दुकान आहे. रविवारी ते बंद, म्हणून कापड बेतायच्या टेबलावर दुपारी आमचा खेळ मांडलेला. मी शाळामास्तर, गोष्ट सांगायचं काम माझं. बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होतात आणि वीस बाजूंचा फासा टाकून लढतात. जिंकत गेलं की लेव्हल वाढवून घेता येते, पहिलीपासून विसावीपर्यंत. सलीमभाई जादूगार. उपकेंद्रातल्या सुनीता सिस्टर वैद्यीण. आणि पोशेऱ्याचा काशिनाथ, भात-नागलीचा शेतकरी, तो गावचा राखणदार. भांडण एकच: खरी मजा कितव्या लेव्हलला?

पहिलीला नाही, हे पहिल्याच रविवारी कळलं. राक्षस मारायला निघालेले सलीमभाई वाटेत कुणाच्या तरी अंगणात शिरले. कोंबडा अंगावर आला. त्याच्या वतीने मी फासा टाकला, तर वीस, म्हणजे सगळ्यात जबर वार! जादूगार जागीच गार.

"राक्षसाचं सोडा सर," सलीमभाई म्हणाले, "घरी काय तोंड दाखवू?"

*

मग ते हट्टालाच पेटले. "डायरेक्ट विसावी द्या!"

दिली. त्यांनी चुटकी वाजवली, किल्ला पडला. दुसरी वाजवली, पूर आटला. सिस्टरांनी मेलेलं सैन्य उठवून बसवलं. चहा उकळायच्या आत जग वाचलं! काशिनाथ आपला फासा मुठीत धरून बसलेला.

"गुरजी, मना काय काम?"

काहीच उरलं नव्हतं.

"मग जाऊ घरा?"

सिस्टरसुद्धा वैतागल्या. "कुणी मरतच नाही, तर मी कशाला हवी?"

*

मग पुन्हा पहिलीपासून चढत गेलो, आणि पाचवीला मात्र रंग भरला. सिस्टरांकडे दिवसाला एकाच जखमीपुरतं औषध. एका लढाईत सलीमभाई आणि त्यांचा घोडा, दोघंही लोळले. सलीमभाई हात पुढे करून तयार. सिस्टरांनी औषध घोड्याला पाजलं!

"अहो, मी माणूस आहे!"

"तुम्ही ओरडताय ना? मग थांबू शकता. तो गप्प पडलाय."

*

सलीमभाई आणि सिस्टर सातवीला पोचले, काशिनाथ तिसरीलाच. मी दर वेळी म्हणायचो, "चढ की रे वर." तो मान हलवायचा. "नाय गुरजी. तीन बरा."

खेळाच्या कागदी नकाशावर त्याने स्वतःचं गाव काढलं होतं, बारा घरांचं. कुठल्या घरात कोण राहतं, कुणाची म्हैस मारकी, सगळं त्याला पाठ.

"वर गेलेला मानूस गावात ऱ्हाते का?" तो म्हणायचा. तो स्वतः दर वर्षी भातकापणी उरकली की ठाण्याला बांधकामावर जातो.

*

आता शेवटचा. यंदा काशिनाथ निघायच्या आधीचा रविवार. मी ठरवलं, ड्रॅगन आणायचा, सतराव्या लेव्हलचा, थेट त्या बारा घरांवर! आमचा नियम असा की गोष्टीत जे जळलं ते नकाशावरून खोडायचं, परत काढायचं नाही.

काशिनाथचा चेहरा उतरला. "सगला?"

"सगळं." मला वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

तयारीला प्रत्येकाला गोष्टीतला एक दिवस दिला. सलीमभाईंनी बर्फाचा मंत्र घोकला. सिस्टरांनी मलमं कुटली. काशिनाथने घरांच्या छपरांवरचा पेंढा उतरवून ओढ्यात भिजत घातला. मग म्हणाला, "आता गावाभवतीचा गवत भाजतो," आणि पेन्सिलीने नकाशा काळा करत सुटला. आम्ही पोट धरून हसलो. आमच्याकडे पेरणीआधी पालापाचोळा टाकून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात.

"अरे, ड्रॅगन दारात आणि तुला राब सुचतोय?" मी म्हणालो. तो पेन्सिल घासतच राहिला.

ड्रॅगन आला. सलीमभाईंचा फासा पडला एकावर, बर्फ त्यांच्याच पायांवर. ड्रॅगनचा फासा मी टाकला. वीस! सिस्टरांनी डोळे झाकले. मी उभा राहून आवाज चढवला, "आगीचा लोळ उतरला! गवत पेटलं! वणवा घरांकडे..."

"कुठला गवत, गुरजी?"

मी नकाशा पाहिला. गावाभोवती नुसतं काळं, छपरांवर पेंढाही नाही. नियमांचं पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं. जळलेलं परत कसं जाळायचं, ते कुठेच नाही! ड्रॅगनने दोन घिरट्या घातल्या आणि गेला आल्या वाटेने. बाराच्या बारा घरं उभी! सलीमभाई टेबलावर चढून नाचले, सिस्टरांनी शिट्टी मारली. हरलो होतो मी. इतका आनंद मला जिंकूनही झाला नसता.

"काशिनाथ, आता तरी चौथी घे!"

तो नकाशाची घडी घालत होता, ठाण्याला सोबत न्यायला.

"तो ड्रॅगन कितवीचा व्हता, गुरजी?"

"सतरावीचा."

"मग मना तीनच बरा."