जोकरच्या पाठीवरचा ठिपका

माझ्या नवऱ्याला माझं खरं वजन माहीत आहे, फोनचा पासवर्ड माहीत आहे. हे मात्र त्यालाही माहीत नाही. कोणालाच नाही. तुम्हाला सांगते — मध्येच थांबले, तर थांबू द्या.

आमची सोसायटी रहाटणीत. दर शनिवारी दुपारी क्लबहाउसमध्ये आम्हा बायकांची रमी असते. गोव्याच्या सहलीत आम्ही एकदा कॅसिनो पाहून आलो, तिथला रुबाब सगळ्यांच्या मनात भरला, आणि आमच्याही टेबलावर हिरवं कापड आलं, प्लॅस्टिकच्या चिप्स आल्या. पैसे नाहीत हं — चिप्स संध्याकाळी डब्यात परत. पण शिस्त अस्सल कॅसिनोची. ती लिहून कोणी काढली असेल? मीच. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. यादी केल्याशिवाय मी भाजी आणायलाही जात नाही. पत्ते टेबलाच्या वरच धरायचे. दुसरीच्या पानांवर बोलायचं नाही. जिंकल्यावर नाचायचं नाही, हरल्यावर वाटणारीला बोल लावायचा नाही. आणि — हा नियमही माझाच — पानावर खूण दिसली की पत्त्यांचा कॅट लगेच बदलायचा.

टेबलाची खरी जान मात्र सुरेखा. इथल्या जुन्या गावकीतली, नवऱ्याच्या गॅरेजात स्वतः स्कूटरी खोलणारी. "ए साहेबीण, तुजे नियम वाच की परत, झोप येत न्हाई मला," असं म्हणायची, आणि हसता हसता आमची पानं उघडी पडायची.

आता येतंय ते — सांगायचं ते.

एका दुपारी पिसताना एका जोकरच्या पाठीवर मला ठिपका दिसला. कोपऱ्यात, मोहरीहून लहान, तपकिरी. दिवसभर असले ठिपके शोधायचे हीच माझी नोकरी. इतरांना तो दिसणं कठीण होतं. नख फिरवून पाहिलं. ठिपका वरच्या चकचकीत थराच्या आत होता, म्हणजे छपाईतलाच. कंपनीत असा पीस मी डोळे मिटून बाद करते. इथे? इथे मी पानं वाटत राहिले.

गड्डीवरचं पान जोकर आहे, हे मला उचलायच्या आधीच कळायला लागलं. मी जिंकायला लागले. नाचले नाही — नियम! नुसती गालात हसायचे. "काय डोकं आहे बाई हिचं," असं सगळ्या म्हणायच्या. मी म्हणू द्यायचे.

एवढंच असतं, तर मी हे कधीच चहावर हसत सांगून टाकलं असतं.

पण एका शनिवारी आमच्यातल्याच वैशालीला तो ठिपका दिसला. तिने ओढणीने घासून पाहिला. निघेना. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात सुरेखाने आपले हात पुढे केले. नखांत काळं होतंच. "माजंच ग्रीस आसंल, बायांनो. चेन बसवून तशीच आले. मुद्दाम न्हाई केलं हां, आईशप्पथ!" ती हसत होती. कान मात्र लाल झाले होते — तेही मला दिसलं. मला सगळं दिसतं.

एक वाक्य पुरलं असतं. ग्रीस नाही, छपाई आहे. पण मग पुढचा प्रश्न आला असता ना — तुला कधीपासून माहीत?

मी काय म्हणाले? "असू दे. पण यापुढे हात धुऊन बसायचं." आणि यादीत तो नियम वाढवला. सुवाच्य अक्षरात.

पुढच्या खेपेला सुरेखाने नवा कोरा कॅट आणला, वर सगळ्यांना भेळ. मी दोनदा घेतली.

आता मी बेताचीच जिंकते. "डोकं गंजलं काय गं तुजं?" असं सुरेखा विचारते, आणि हसून पोट दुखतं. शनिवार आजही आमचा सगळ्यात छान दिवस आहे. बाकीच्या तो हात धुवायचा नियम केव्हाच विसरल्या. येतात आणि बसतात. सुरेखा विसरत नाही. बेसिनवर कोपरापर्यंत साबण लावते, ओले हात घेऊन माझ्यासमोर उभी राहते, आधी उपडे, मग उताणे करून दाखवते.

"बघ गं साहेबीण. पास?"

मी बघते. "पास," म्हणते. आणि पानं वाटायला घेते.